रिकाम्या खाटा आणि लोकांचा संशय

संशय घेणें हा मनुष्याच्या बुद्धीचा स्वभाव आहे, आणि शाळा ही तर संशय कसा घ्यावा हें शिकविण्याचीच जागा आहे. जो विद्यार्थी गणिताचें उत्तर पुस्तकाच्या शेवटीं पाहून स्वस्थ बसतो त्यापेक्षां, तें उत्तर कसें आलें असें विचारणारा विद्यार्थी आम्हांस अधिक प्रिय वाटतो. परंतु संशयाचेहि दोन प्रकार आहेत. एक संशय प्रश्न विचारतो आणि उत्तराची वाट पाहतो. दुसरा प्रश्न विचारून लगेच पाठ फिरवितो. सन २०२० व २०२१ या दोन वर्षांत कोरोनाच्या सांथीमुळें आपल्या देशांत जे निर्बंध घालण्यांत आले, त्यांविषयीं लोकांच्या मनांत हे दोन्ही प्रकारचे संशय उत्पन्न झाले. आज आमच्या वर्गांतून बसणारे पुष्कळ विद्यार्थी त्या काळीं अगदीं लहान होते. शाळा बंद होती, वडील घरीं होते, एवढेंच त्यांस आठवतें. तें सर्व कशासाठीं होतें, त्यांत योग्य काय व अयोग्य काय होतें, याचा विचार त्यांनीं व त्यांच्या पालकांनीं एकत्र बसून करावा, या हेतूनें हा लेख आम्ही लिहीत आहों.

प्रथम थोडी हकीकत सांगतों. भारतांतील पहिला रुग्ण ३० जानेवारी २०२० रोजीं केरळांत आढळला. महाराष्ट्रांतील पहिले रुग्ण ९ मार्च रोजीं पुण्यांत सांपडले. ११ मार्च रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें ही जगव्यापी सांथ असल्याचें जाहीर केलें. २४ मार्चच्या रात्रीं आठ वाजतां पंतप्रधानांनीं देशाला उद्देशून भाषण केलें आणि त्याच मध्यरात्रीपासून एकवीस दिवसांची टाळेबंदी सुरू झाली. पुढें तिची मुदत प्रथम ३ मे, मग १७ मे व शेवटीं ३१ मे अशी वाढत गेली.

या काळांत लोकांच्या तोंडीं जो आक्षेप वारंवार ऐकूं येई तो असा : “इस्पितळांत तर खाटा रिकाम्या आहेत, मग आमचीं दुकानें, कारखाने आणि शाळा बंद कां?” आक्षेप दिसण्यांत अगदीं सरळ आहे. त्याचें उत्तर मात्र गणितांत आहे, व तें गणित आमच्या सातवीच्या विद्यार्थ्यासहि करतां येईल असें आहे.

अशी कल्पना करा कीं, एका शहरांत १,००० खाटांचें इस्पितळ आहे. शहरांत रोज १०० माणसें आजारी पडतात, त्यांपैकीं दहांना इस्पितळांत जावें लागतें, आणि तेथें गेलेला प्रत्येक जण दहा दिवस राहतो. हे आंकडे आम्हीं केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. आतां सांथ अशी पसरत आहे कीं दर पांच दिवसांनीं आजाऱ्यांची रोजची संख्या दुप्पट होते. हिशेब मांडून पाहिला तर दहाव्या दिवशीं सुमारें २३० खाटा भरलेल्या दिसतील. पंधराव्या दिवशीं सुमारें ४६०. म्हणजे अर्ध्याहून अधिक इस्पितळ अजून मोकळेंच. कोणीहि डोळस गृहस्थ त्या दिवशीं आंत डोकावून येईल तर म्हणेल, “उगाच बाऊ केला आहे.” परंतु विसाव्या दिवशीं सुमारें ९२५ खाटा भरतात, आणि एकविसाव्या दिवशीं दारांत आलेल्या रोग्यास जागाच नाहीं! तिसाव्या दिवशीं तर रोज ६४० माणसें खाट मागूं लागतात.

यांत दुसरी एक गोष्ट लक्षांत घेतली पाहिजे. कोरोनाचा संसर्ग झाल्यावर लक्षणें दिसण्यास साधारणपणें पांच दिवस लागत, आणि ज्यांचा आजार बळावे त्यांस इस्पितळाची गरज त्यानंतर आठवड्याभरानें लागे. तेव्हां एकविसाव्या दिवशीं जो दारांत येऊन उभा राहणार, त्याला संसर्ग दहाव्या दिवसाच्या सुमारासच होऊन गेलेला असतो. याचा अर्थ असा कीं, इस्पितळ अर्धें रिकामें असतांनाच तें भरून टाकणारीं माणसें शहरांत हिंडत असतात. खाटा भरल्यावर निर्बंध घालणें म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखें आहे. आणि ती विहीर खणण्यास दोन आठवडे लागतात.

आतां असें समजा कीं लोकांनीं एकमेकांपासून अंतर राखलें, आणि संख्या पांचाऐवजीं दहा दिवसांनीं दुप्पट होऊं लागली. तर तिसाव्या दिवशीं रोज ६४० ऐवजीं ८० माणसांस खाट लागेल, आणि इस्पितळांतील सुमारें ६०० खाटा भरलेल्या असतील. ४०० रिकाम्या! त्या पाहून कोणी म्हणेल, “पाहा, निर्बंधांची गरजच नव्हती.” वास्तविक त्या रिकाम्या खाटा हेंच निर्बंधांचें फळ असतें. पावसांत छत्री घेऊन गेलेला मनुष्य कोरडा परत आला म्हणून पाऊस पडलाच नाहीं असें कोणी म्हणत नाहीं. परंतु सांथीचा पाऊस डोळ्यांस दिसत नसल्यामुळें ही चूक पुष्कळांच्या हातून होते.

दुसरा संशय खाटांच्या मोजणीविषयीं होता. मे २०२० मध्यें मुंबईंत वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर सुमारें हजार खाटांचें तात्पुरतें इस्पितळ उभें राहिलें. त्याच वर्षीं ऑगस्टच्या अखेरीस पुण्यांत अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मैदानावर तसेंच ‘जम्बो’ इस्पितळ सुरू झालें. “एका महिन्यांत हजार खाटा होतात, तर मग भीति कशाची?” असें लोक म्हणत. पण खाट म्हणजे लोखंडी चौकट व गादी नव्हे. तिच्याजवळ प्राणवायूची नळी पाहिजे, नळीच्या दुसऱ्या टोकाशीं प्राणवायु पाहिजे, आणि रात्रीं तीन वाजतां रोग्याचा श्वास अडखळला तर तें ओळखणारी परिचारिका पाहिजे. चौकट एका आठवड्यांत बनते. परिचारिका तयार होण्यास तीन-चार वर्षें लागतात, आणि डॉक्टरास त्याहून अधिक. मे २०२० मध्यें महाराष्ट्र सरकारनें केरळ सरकारकडे पत्र पाठवून डॉक्टर व परिचारिका मागितल्या, यावरून टंचाई कशाची होती हें उघड होतें.

प्राणवायूची गोष्ट तर एप्रिल २०२१ मध्यें सर्वांस कळून चुकली. दुसऱ्या लाटेंत १८ एप्रिल रोजीं एकट्या महाराष्ट्रांत सुमारें ६८,००० नवे रुग्ण नोंदले गेले, आणि मे महिन्याच्या आरंभीं देशांत एका दिवसांत चार लाखांहून अधिक. प्राणवायु पूर्वेकडील पोलादाच्या कारखान्यांत होता आणि रोगी पश्चिमेकडे होते. १९ एप्रिल रोजीं कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन एक रेल्वेगाडी विशाखापट्टणमास निघाली, व तेथून ते भरून नागपुरास व नाशकास आणले गेले. त्या आठवड्यांत खाटांच्या शोधांत रुग्णाला घेऊन या दारांतून त्या दारांत फिरणारीं कुटुंबें ज्यांनीं पाहिलीं, त्यांस इस्पितळाची क्षमता म्हणजे काय हें निराळें समजावून सांगण्याची गरज उरली नाहीं. पुण्याचें तें जम्बो इस्पितळ जानेवारी २०२१ मध्यें रोगी घटल्यामुळें बंद ठेवलें होतें. मार्च महिन्यांत तें पुन्हां उघडावें लागलें. बंद करण्याचा विचार त्या वेळच्या आंकड्यांवरून चुकीचा वाटत नव्हता, पण सांथीला आंकडे फिरविण्यास फार दिवस लागत नाहींत.

येथवर आम्हीं निर्बंधांची बाजू मांडली. परंतु ज्यांनीं शंका घेतल्या ते सर्व अडाणी किंवा स्वार्थी होते असें आम्हीं म्हटलें तर तो मोठा अन्याय होईल. कित्येक शंका रास्त होत्या, आणि त्यांपैकीं कांहीं काळानें खऱ्या ठरल्या.

पहिली शंका गरिबांची. रात्रीं आठ वाजतां घोषणा आणि बारा वाजतां अंमल. चार तासांत हातावर पोट असलेल्या मजुरानें करावें काय? ज्याच्या घरीं महिन्याचें धान्य आहे त्याला ‘घरांत राहा’ ही आज्ञा पाळतां येते. ज्याला रोज कमवून रोज खावयाचें आहे, व ज्याचें घर पांचशें कोसांवर आहे, त्याला ती आज्ञा म्हणजे उपवासाची आज्ञा होते. लाखों मजूर पायीं गांवाकडे निघाले. ८ मे २०२० रोजीं पहाटे औरंगाबाद जिल्ह्यांत करमाडजवळ रुळांवर थकून झोंपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. त्या रुळांवर विखुरलेल्या भाकरींचें चित्र वर्तमानपत्रांतून सर्व देशानें पाहिलें. रोगापासून वांचविण्यासाठीं केलेल्या नियमानें कोणाचा जीव जात असेल, तर नियम करणाऱ्यानें त्याचाहि हिशेब दिला पाहिजे. तो मागणें हा अडाणीपणा नव्हे.

दुसरी शंका नियमांच्या विसंगतीची. महाराष्ट्रांत उपाहारगृहें व मद्यालयें ५ ऑक्टोबर २०२० पासून उघडलीं, आणि देवळें, मशिदी व चर्चें १६ नोव्हेंबरपासून. लहान मुलांच्या शाळा तर दीड वर्षाहून अधिक काळ बंद राहिल्या. या क्रमामागें सरकारजवळ कांहीं कारणें असतील. परंतु तीं सामान्य मनुष्यास पटतील अशा रीतीनें त्याच्यापुढें मांडलीं गेलीं नाहींत, आणि न सांगितलेलें कारण लोकांच्या दृष्टीनें नसलेल्या कारणासारखेंच असतें. मोकळ्या हवेंत संसर्गाचा धोका बंद खोलीपेक्षां पुष्कळ कमी, हें पुढें स्पष्ट झालें; तरी बागा व समुद्रकिनारे बराच काळ बंद राहिले. मुलांच्या शिक्षणाचें जें नुकसान झालें तें तर आम्ही शिक्षक अजून वर्गांत पाहत आहों. ज्या मुलाच्या घरीं एकच मोबाइल होता, व तोहि वडिलांबरोबर कामावर जाई, त्याच्या वाट्याला शाळेचीं तीं दोन वर्षें जवळजवळ आलींच नाहींत.

तिसरी शंका शास्त्रज्ञांच्या बदलत्या सांगण्याची. निरोगी माणसानें तोंडाला मुखपट्टी बांधावी कीं नाहीं याविषयीं जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला जून २०२० मध्यें बदलला. रोग हवेंतून पसरतो काय, या प्रश्नाचेंहि उत्तर आरंभीं एक आणि पुढें दुसरें मिळालें. “काल एक, आज दुसरें, मग विश्वास कोणावर ठेवावा?” असें लोकांस वाटलें तर नवल नाहीं. पण नवा पुरावा आल्यावर मत बदलणें हा शास्त्राचा दोष नसून गुण आहे. दोष असलाच तर तो अपुऱ्या माहितीच्या वेळीं पूर्ण खात्रीनें बोलण्याचा. “आज आम्हांस इतकेंच ठाऊक आहे” असें अधिकाऱ्यांनीं स्पष्ट म्हटलें असतें, तर उद्यांचा बदल लोकांस फसवणूक वाटला नसता.

चौथी शंका आंकड्यांची, आणि ती दोन्ही बाजूंनीं होती. कोणी म्हणे मृत्यु फुगवून सांगतात, कोणी म्हणे लपवितात. जागतिक आरोग्य संघटनेनें मे २०२२ मध्यें असा अंदाज प्रसिद्ध केला कीं, २०२० व २०२१ या दोन वर्षांत सांथीमुळें जगांत सुमारें १ कोटी ४९ लाख, आणि भारतांत सुमारें ४७ लाख माणसें नेहमीपेक्षां अधिक दगावलीं. त्या दोन वर्षांची भारताची सरकारी नोंद सुमारें ४ लाख ८१ हजारांची होती. संघटनेची अंदाज करण्याची रीत भारत सरकारनें अमान्य केली. हा वाद येथें आम्ही सोडवूं शकत नाहीं. परंतु मृत्यूची नोंद वेळेवर, पूर्ण व सर्वांस पाहतां येईल अशी असणें हा सांथीवरील एक उपायच आहे, एवढें त्यांतून निश्चित दिसतें.

वाचकांपैकीं कोणास असें वाटेल कीं, असा अविश्वास हा आजच्याच काळाचा रोग आहे. तसें नाहीं. सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईच्या मांडवी भागांत डॉक्टर अकासियो व्हिएगस या गोमंतकीय गृहस्थांनीं प्लेग ओळखला. रोग्यांस आर्थर रोडवरील इस्पितळांत नेऊं लागतांच अशी कंडी पिकली कीं, तेथें माणसें मारून त्यांची मोमियाई काढतात. ऑक्टोबर महिन्यांत गिरणी-कामगारांच्या सुमारें हजार जणांच्या जमावानें त्या इस्पितळावर हल्ला केला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथरोगांचा कायदा झाला. पुण्यांत प्लेग-कमिटीचे अध्यक्ष रँड यांनीं मार्च ते मे १८९७ या काळांत गोऱ्या सोजिरांकरवीं घरोघर झडत्या घेतल्या. देवघरें व स्वयंपाकघरें यांचाहि मुलाहिजा राहिला नाहीं. त्याचा शेवट २२ जून रोजीं गणेशखिंडींत रँड यांच्यावर गोळी झाडण्यांत झाला.

याच काळांत दोन स्त्रियांनीं जें केलें तें विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवण्याजोगें आहे. सावित्रीबाई फुले यांनीं प्लेगाच्या रोग्यांची शुश्रूषा केली, आणि त्याच रोगानें १० मार्च १८९७ रोजीं त्या निवर्तल्या. पंडिता रमाबाईंनीं १८८२ सालीं हंटर कमिशनापुढें या देशांत स्त्री-डॉक्टर पाहिजेत असें सांगितलें होतें. म्हणजे नव्या वैद्यकाशीं त्यांचें वैर मुळींच नव्हतें. परंतु पुण्याच्या प्लेग-इस्पितळांत स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध त्यांनीं १८९७ मध्यें ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रांत उघड तक्रार केली. एकीनें सेवा केली, दुसरीनें जाब विचारला. रोग खोटा आहे असें दोघींपैकीं कोणीहि म्हटलें नाहीं. इस्पितळावर धोंडे मारणारा आणि इस्पितळ सुधारा म्हणणारा, या दोघांतील अंतर येथें स्पष्ट दिसतें. ज्या आर्थर रोड इस्पितळावर १८९६ सालीं जमाव चालून गेला, तेंच आज कस्तुरबा रुग्णालय होय. आणि २०२० सालीं मुंबईचे आरंभीचे कोरोना-रुग्ण तेथेंच ठेवण्यांत आले.

कायद्याचें पाहिलें तरी २०२० सालीं जे कायदे लागू करण्यांत आले त्यांत तोच १८९७ चा कायदाहि होता. कायदा एकच, पण तो राबविण्याची रीत निराळी असूं शकते, हें धारावीनें दाखविलें. दोन-अडीच चौरस किलोमीटरांत आठ-दहा लाखांची वस्ती, एका खोलीत आठ-दहा माणसें, शौचकूपें सामायिक. तेथें १ एप्रिल २०२० रोजीं पहिला रुग्ण सांपडला तेव्हां सर्वांस वाटलें कीं आतां वस्ती वांचत नाहीं. तेथें ‘घरांत अंतर राखा’ हें सांगणेंच व्यर्थ होतें. म्हणून महापालिकेनें वस्तींतीलच खाजगी डॉक्टरांस बरोबर घेतलें, गल्लोगल्लीं तापाचीं तपासणी-केंद्रें उघडलीं, शाळा व मंगल कार्यालयें यांत विलगीकरणाची सोय केली, आणि तेथें दोन वेळचें जेवण दिलें. ओळखीचा डॉक्टर दारांत आल्यामुळें लोकांनीं ताप लपविला नाहीं. १० जुलै २०२० रोजीं जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनीं धारावीचें नांव जगापुढें उदाहरण म्हणून घेतलें. पुण्यांत १८९७ सालीं झडती होती, म्हणून लोकांनीं रोगी लपविले. धारावींत विचारपूस होती, म्हणून रोगी पुढें आले. विश्वास ही केवळ भावना नाहीं. प्राणवायूच्या नळीइतकीच ती इस्पितळाच्या कामाची वस्तु आहे.

तेव्हां पुढें कधीं अशी वेळ आली, तर आम्ही शंका घ्यावी कीं न घ्यावी? अवश्य घ्यावी, पण तिला कांहीं शिस्त असावी. नियम करणाऱ्यास विचारावें : या नियमाचें कारण काय? त्याची मुदत किती? तो श्रीमंतास व गरिबास सारखाच लागू आहे काय? ज्याची रोजी बुडते त्याच्या पोटाची व्यवस्था काय? कोणते आंकडे पाहून तो उठविणार, आणि ते आंकडे आम्हांस कोठें पाहावयास मिळतील? या पांच प्रश्नांचीं उत्तरें जेथें मिळतात तेथें लोक कष्ट सोसूनहि नियम पाळतात.

आणि शंका घेणाऱ्यानें स्वतःलाहि दोन प्रश्न विचारावे. पहिला, “कोणता पुरावा मिळाला तर माझें मत बदलेल?” ‘कोणताच नाहीं’ असें उत्तर आलें, तर ती शंका नसून हट्ट आहे. दुसरा, “माझी शंका चुकीची ठरली तर तिची किंमत कोण देईल?” स्वतःच देणार असूं तर गोष्ट निराळी. परंतु सांथीमध्यें ती किंमत पुष्कळदां शेजारच्या खोलींतील म्हातारी आजी देते, अथवा सलग छत्तीस तास उभी असलेली परिचारिका देते. आणि त्या दोघींस कोणी विचारलेलें नसतें.

विद्यार्थ्यांनो, वर दिलेला हजार खाटांचा हिशेब सुटीच्या दिवशीं पाटीवर किंवा वहींत स्वतः करून पाहा. पांचाऐवजीं सहा किंवा सात दिवसांनीं संख्या दुप्पट होते असें धरा, आणि इस्पितळ कोणत्या दिवशीं भरतें तें शोधून काढा. मग तो हिशेब घरांतील वडील माणसांस दाखवा, आणि टाळेबंदीच्या दिवसांत त्यांस काय सोसावें लागलें तें त्यांच्याच तोंडून ऐका. हिशेब तुम्ही त्यांस शिकवाल, आणि हिशेबांत न मावणाऱ्या गोष्टी ते तुम्हांस शिकवतील. या दोन्ही ज्ञानांची गांठ ज्या घरांत पडेल, त्या घरास पुढील सांथीच्या वेळीं कोणी सहजासहजीं भिववूं शकणार नाहीं, आणि फसवूंहि शकणार नाहीं.